वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी: खाण्याची धास्ती आणि अतिखाणे

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की अनेकांचे खाणे कमी होण्याऐवजी वाढते. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीपासून ऑपरेशनपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. एरवी आठवड्यातून एकदा होणारा वडापाव या काळात रोजचा होतो. घरातले सगळे झोपल्यावर फ्रिज उघडला जातो. ‘हे पुन्हा कधी खायला मिळणार’ हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही. ऑपरेशन रद्द होईल या भीतीने ही गोष्ट डॉक्टरांपासून आणि बहुतेक वेळा घरच्यांपासूनही लपवली जाते. ज्याच्यावर ही वेळ येते, त्याला आपण हावरट आहोत, आपल्यात निग्रहच नाही, असे वाटत राहते. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. येऊ घातलेल्या बंदीला शरीर आणि मन असेच उत्तर देतात. म्हणून त्यावरचा उपायही अधिक कडक निग्रह हा नाही.

शस्त्रक्रिया कोणासाठी

वजन घटवण्याच्या, म्हणजे बेरिॲट्रिक, शस्त्रक्रियेचे दोन प्रकार सर्वाधिक केले जातात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि नळीसारखे अरुंद जठर मागे ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमुळे खाण्याचे प्रमाण घटते, पण परिणाम तेवढ्यावर थांबत नाही, भूक आणि तृप्ती सांगणारी संप्रेरकेही बदलतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो.

भारतीयांसाठी या शस्त्रक्रियेचे निकष पाश्चात्त्यांपेक्षा खालचे आहेत आणि त्यामागच्या संशोधनात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालय, पुणे येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा आकडा, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. तेवढ्याच बीएमआयच्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि मधुमेहाचा धोकाही जास्त, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार मधुमेह किंवा रक्तदाबासारखा विकार सोबत असल्यास बीएमआय ३२.५, आणि नसल्यास ३७.५ या मर्यादेपलीकडे शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली. विमा नियामकाचे २०१९ चे प्रमाणित नियम मात्र बीएमआय ४०, किंवा गंभीर सहविकार असल्यास ३५, हीच अट धरतात. दोन मोजमापांतल्या या तफावतीचा संबंध थेट या विषयाशी आहे. ज्याचा बीएमआय ३४ आहे, त्याला ‘आणखी दोन-तीन किलो वाढले तर विमा मिळेल’ असा मोह पडू शकतो. हा मोह घातक आहे. वाढवलेले वजन नेमक्या त्याच यकृतात आणि पोटात साठते जिथे शल्यविशारदाला काम करायचे असते.

मुंबईत या शस्त्रक्रियेची घरोघरी चर्चा झाली ती दोन प्रसंगांमुळे. खवय्ये म्हणून ओळखले जाणारे नितीन गडकरी यांनी भाजपचे अध्यक्ष असताना, २०११ मध्ये, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ५०० किलो वजनाच्या एका इजिप्शियन महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत आणून चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात दाखल करण्यात आले. डॉ. मुफझल लकडावाला यांच्या पथकाने तिला आधी काही आठवडे नियंत्रित द्रव आहारावर ठेवले आणि ७ मार्च रोजी स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. ऑपरेशनआधीचा आहार हा उपचाराचाच भाग असतो, ही गोष्ट अनेकांच्या कानावर तेव्हा पहिल्यांदा पडली.

बंदीची चाहूल आणि भूक

उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो, याचा सर्वांत सविस्तर अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी केला. ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. हळूहळू त्यांच्या बोलण्यात आणि स्वप्नांत अन्नच येऊ लागले. स्वयंपाकाशी कधी संबंध न आलेले तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरले तरी खात राहिले आणि तरीही तृप्त झाले नाहीत. आधी कोणताही खाण्याचा विकार नसलेल्या माणसांची ही अवस्था झाली.

पण उपासमार प्रत्यक्ष व्हावीच लागते असे नाही, तिची चाहूलही पुरते. पीटर हर्मन आणि जेनेट पोलिवी या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी सतत डाएट करणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात काही जणांना आठवडाभराचे डाएट लवकरच सुरू होणार असल्याचे सांगितले आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने खाद्यपदार्थ समोर ठेवले. एरवी खाण्यावर लगाम ठेवणारे लोक हे ऐकल्यावर इतरांपेक्षा जास्त खाऊन गेले. त्यांचा लगाम बंदीच्या नुसत्या घोषणेने सुटला. हर्मन यांच्याच १९७५ च्या प्रयोगात दुसरी बाजू दिसली होती. डाएट करणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर नंतर त्यांनी आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की ‘आता मोडलाच आहे, तर खाऊन घेऊ’ हा विचार उरलेला दिवस गिळून टाकतो.

महाराष्ट्राला हे प्रयोगशाळेतून शिकण्याची गरज नाही. श्रावणातल्या वर्ज्य-अवर्ज्यापूर्वी, आषाढ संपता संपता येणारी गटारी हा अशाच वागण्याचा समाजमान्य उत्सव आहे. महिनाभर मिळणार नाही म्हणून एका दिवसात महिन्याचे खायचे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीतही तोच अनुभव साठलेला आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू आणि तळलेले वेफर्स यांनी साजरा होणारा उपवास नेहमीच्या दोन जेवणांपेक्षा जड जातो. मात्र गटारी दरवर्षी एकाच दिवसाची असते आणि श्रावण महिन्याने संपतो. शस्त्रक्रियेची बंदी कायमची आहे असे वाटत असल्याने तिच्याआधीची गटारी लांबतच जाते. आणि ती बंदी खरोखर कायमची नसते. बहुतेकांना काही महिन्यांनी घरचे जवळपास सगळे अन्न थोड्या प्रमाणात खाता येते. तज्ज्ञांनी ही एक गोष्ट पहिल्याच भेटीत ठामपणे सांगितली, तर बरीचशी धास्ती तिथेच ओसरेल.

दादरचा दिवस

अतिखाण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे दिवसभराची उपाशी धावपळ. फोर्टात किंवा अंधेरीला नोकरी करणारा दादरचा माणूस सकाळी चहा-बिस्किटावर लोकल पकडतो, एक-दीडला डबा खातो आणि घरी पोचतो तो रात्री आठ-साडेआठला. मधले सात तास पोटात चहाशिवाय काही नसते. अशा वेळी तो दादर पश्चिमेला उतरतो. वडापावचा जन्म याच स्थानकाबाहेर, १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे मानतात. छबिलदास गल्लीत बटाटावड्याचा घाणा उतरत असतो, गोखले रोडवर प्रकाशचा साबुदाणावडा आणि आस्वादची मिसळ आहे. सात तासांच्या भुकेनंतर या रस्त्यावर होणाऱ्या निर्णयाला इच्छाशक्तीची परीक्षा म्हणणे अन्यायाचे आहे. तो निर्णय खरे तर दुपारी चारला, काहीच न खाल्ल्याने, होऊन गेलेला असतो.

त्यात ‘आता डाएट करायचे आहे’ म्हणून कोणी दुपारचा डबाही अर्धाच खातो. महाराष्ट्रात गेल्या दशकात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत घरोघरी पोचली, तर त्याआधीपासून ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा आग्रह धरत आल्या आहेत. दोन्हींचे अनुयायी मोठ्या संख्येने आहेत, आणि या लेखाचा विषय त्यांतला वाद हा नाही. पण ज्याला आवर न घालता येणाऱ्या खाण्याचा त्रास आहे, त्याच्यासाठी लांब उपाशी अंतरे धोक्याची ठरतात. या बाबतीत खाण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्यांचा अनुभव स्पष्ट आहे.

मनाची कारणे याहून गुंतागुंतीची. ऑपरेशनचीच भीती, भूल दिल्यावर जाग येईल का ही शंका, रजेचा आणि पैशांचा प्रश्न, ‘एवढे करूनही वजन उतरले नाही तर’ ही टांगती तलवार. कित्येकांसाठी खाणे हाच आजवरचा दिलासा असतो. तो काढून घेतला जाणार आणि त्याच्या जागी काय येणार हे माहीत नाही, म्हणून मनात एक शोक सुरू होतो. लहानपणापासून ऐकलेली ‘जाड्या’, ‘ढोली’ ही संबोधने आणि लग्नकार्यातले शेरे यांचाही साठा मनात असतो. अपमान सोसून घरी आलेल्या माणसाला खाण्यानेच शांत वाटत असेल, तर त्याला आणखी लाजवून त्याचे खाणे कमी होण्याची शक्यता नाही.

सवय, धास्ती आणि विकार

सणावारी चार घास जास्त जाणे हा विकार नव्हे. ऑपरेशनआधी आवडत्या ठिकाणी एकदा जेवून येणे हाही नव्हे. ‘बिंज ईटिंग’ या विकारात थोड्या वेळात, साधारण दोन तासांत, इतर कोणी खाणार नाही एवढे खाल्ले जाते आणि त्या वेळी थांबणे आपल्या हाती नाही असे वाटते. भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, लाजेने एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचा तिटकारा येणे ही त्याची लक्षणे. असे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत असेल तर निदान केले जाते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये हे वर्तन नोंदवले, पण स्वतंत्र विकार म्हणून त्याला निदानग्रंथात जागा मिळायला २०१३ साल उजाडले. रात्री उठून खाण्याचा विकार याहून वेगळा, त्याचेही वर्णन स्टंकार्ड यांनीच १९५५ मध्ये केले होते. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे ही आणखी वेगळी आणि तातडीची बाब आहे, ती डॉक्टरांना लगेच सांगायला हवी.

शस्त्रक्रियेआधी मानसशास्त्रज्ञाची भेट ठेवलेली असते. तिला नापास होण्याची परीक्षा समजून बहुतेक जण तयार उत्तरे घेऊन जातात. प्रत्यक्षात बिंज ईटिंगमुळे शस्त्रक्रिया कायमची नाकारली जात नाही. उलटी करण्याचा विकार चालू असणे, दारूचे किंवा अन्य व्यसन आटोक्याबाहेर असणे, तीव्र मानसिक आजारावर उपचार सुरू नसणे अशा वेळी ती पुढे ढकलतात, आणि तेही उपचार करून मग करण्यासाठी. शस्त्रक्रियेआधीचे बिंज ईटिंग नंतरच्या अपयशाचे भाकीत करते का, याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा ताबा सुटून खाणे सुरू झाले तर मात्र वजन कमी उतरते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे आधी सांगितल्याने फारसे काही गमावले जात नाही आणि लपवल्याने नंतर लागणारी मदत वेळेवर मिळत नाही.

यकृतासाठीचा आहार

ऑपरेशनच्या आधीचे साधारण दोन आठवडे कमी कॅलरींचा, बहुधा रोज ८०० ते १००० कॅलरींचा, प्रथिनयुक्त आहार दिला जातो. त्याचा उद्देश रुग्णांना अनेकदा सांगितला जात नाही, आणि ही या साऱ्या तयारीतली मोठी उणीव आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जठरापर्यंत पोचण्यासाठी यकृताचा डावा भाग उचलून धरावा लागतो. लठ्ठपणात यकृतात चरबी साठून ते मोठे, जड आणि सहज फाटणारे झालेले असते. मेलबर्नमध्ये ३२ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या अतिशय कमी कॅलरींच्या आहाराने यकृताचे आकारमान सरासरी सुमारे १९ टक्क्यांनी घटले. त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. म्हणूनच दोन आठवडे. हे कळले की आहाराकडे शिक्षा म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही, त्याला मुदत आहे आणि काम नेमून दिलेले आहे. ‘आधी इतके किलो उतरवून दाखवा, मग ऑपरेशन’ ही अट निराळी. तिच्यामागे पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकी शल्यसंघटनेचे मत आहे.

मराठी स्वयंपाकघरात हा आहार परका नाही. पातळ ताक, मुगाचे कढण, भाज्यांचे सूप, घरचे दही, अंड्याचा पांढरा भाग, काकडी-टोमॅटो आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर यांत तो बसतो. उसाचा रस, फळांचे रस, पियुष हे पातळ असले तरी साखरेचे आहेत, म्हणून चालत नाहीत. उपवासाचे पदार्थ तर नकोतच.

मधुमेहींनी या दोन आठवड्यांत स्वतःच्या मनाने काहीही करू नये. खाणे एकदम घटल्यावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा नेहमीचा डोस चालू ठेवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि तिची घाबरगुंडी, घाम, थरथर ही लक्षणे ‘खाण्याची वखवख’ समजली जाऊ शकतात. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधे कमी खाण्याच्या काळात आणि ऑपरेशनच्या वेळी रक्त आम्लयुक्त करू शकतात, म्हणून ती काही दिवस आधी बंद करतात. २०२५ पासून भारतात मिळू लागलेली मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. ती घेत असल्याचे भूलतज्ज्ञाला सांगणे अत्यावश्यक आहे.

आवर कसा घालावा

खाण्याच्या विकारांवरच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीचा पाया विस्मयकारकरीत्या साधा आहे: वेळेवर खाणे. तीन जेवणे आणि दोन-तीन लहान खाणी, दोहोंत साडेतीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक लागली की नाही हे पाहून नव्हे, घड्याळ पाहून. दादरच्या नोकरदाराला यासाठी डब्यात मूठभर भाजलेले चणे, उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही जास्तीचे न्यावे लागेल, आणि ते चार-साडेचारला खाल्लेच पाहिजे. एवढ्या एका बदलाने संध्याकाळचा स्थानकाबाहेरचा रस्ता वेगळा वाटू लागतो.

दुसरा आधार नोंदवहीचा. काय खाल्ले, किती वाजता, कुठे, कोणासोबत आणि त्या आधी मनात काय होते, एवढेच लिहायचे. कॅलरी मोजायच्या नाहीत. दोन आठवड्यांत ठरावीक वेळा, ठरावीक माणसे, ठरावीक भांडणे डोळ्यांसमोर येतात. ओढ उठते, चढते आणि बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटांत उतरते, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातून आलेले निरीक्षण इथेही उपयोगी पडते. तेवढा वेळ शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती एक फेरी मारणे किंवा कोणाला फोन करणे पुरते. ओढ दाबण्यापेक्षा ती ओसरताना पाहणे सोपे जाते.

आणि ताबा सुटलाच तर? तर पुढचे जेवण ठरल्या वेळी, ठरले तेवढेच घ्यावे. सगळ्या सूचनांत ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कठीण आहे, कारण मन त्या वेळी प्रायश्चित्त मागते. रात्रीच्या अतिखाण्यानंतर सकाळ-दुपार उपाशी राहणे म्हणजे पुढच्या रात्रीची तयारी करणे.

याच काळात पुढच्या सवयीही लावता येतात: छोटी ताटली, बारीक चावून खाणे, घासांमध्ये चमचा खाली ठेवणे, जेवताना पाणी न पिता अर्ध्या तासाने पिणे. ‘निरोपाचे’ म्हणून काही खायचेच असेल, तर ते ठरवून, एकदा, माणसांत बसून, सावकाश खावे आणि ते यकृतासाठीच्या दोन आठवड्यांच्या आधी उरकावे. आठ दिवस लपूनछपून खाण्याने जे समाधान मिळत नाही, ते अशा एका जेवणाने मिळते.

घरच्यांचे काम

मराठी घरात प्रेम ताटातून वाढले जाते आणि आग्रह मोडणे अपमानाचे वाटते. त्यामुळे ‘ऑपरेशन झाल्यावर काय, आत्ता खाऊन घे’ म्हणणारी आई आणि ‘तोंडावर ताबा नाही, चालले ऑपरेशन करायला’ म्हणणारा काका, दोघेही नकळत एकच काम करतात. घरातल्या एका माणसाने आहारतज्ज्ञाच्या भेटीला सोबत यावे, म्हणजे घरी एकच भाषा बोलली जाते. तारीख निवडताना पंचांगही पाहावे. उकडीचे मोदक होत असताना किंवा फराळाचे डबे भरत असताना यकृतासाठीचा दोन आठवड्यांचा आहार पाळणे फार जड जाते. ‘गणपती झाले की’, ‘दिवाळी झाली की’ असे म्हणत वर्ष ढकलणे मात्र वेगळे, त्यात भीतीच सणाचे नाव घेऊन बोलत असते.

या साऱ्यानेही आवर बसत नसेल, खाल्ल्यावर जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य मिळते.

आदली रात्र आणि नंतर

ऑपरेशनच्या आदल्या रात्री धास्ती शिगेला असते. ठरावीक वेळेनंतर घन अन्न पूर्ण बंद आणि साधे पाणी शेवटचे काही तास सोडून चालते, असा नियम असतो. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतात. हा नियम मोडला गेला आणि लपवला, तर भुलीत जठरातले अन्न फुप्फुसात जाऊन जीवावर बेतू शकते. म्हणून मध्यरात्री काही खाल्ले गेले असेल तर सकाळी ते सांगायचेच. ऑपरेशन एक-दोन दिवस पुढे जाईल, इतकेच.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने भूक बरीच शांत असते आणि जुना त्रास संपला असे वाटते. जठर लहान झाल्याने एका बैठकीत पूर्वीसारखे खाणे शक्य नसते. पण तीच ओढ रूप बदलून, दिवसभर थोडे थोडे चरत राहण्याने किंवा आइस्क्रीम, मिल्कशेकसारख्या सहज उतरणाऱ्या गोड पदार्थांतून परत येऊ शकते. बायपासनंतर साखरेने धडधड, घाम आणि जुलाब होऊ शकतात. दारू लवकर चढते आणि काहींमध्ये तिचे व्यसन नव्याने जडल्याचे अमेरिकेतील मोठ्या पाहणीत आढळले आहे. म्हणून मानसशास्त्रज्ञाची पुढची भेट ऑपरेशनच्या आधीच, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यासाठी ठरवून ठेवावी, आणि नोंदवही तोपर्यंत चालू ठेवावी.